अपुऱ्या दिवसांच्या बाळाची वाढ कशी मोजावी आणि विकासावर लक्ष कसे ठेवावे

अपुऱ्या दिवसांचे बाळ एनआयसीयूमधून, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागातून, घरी येते त्या दिवशी आईवडिलांच्या हातात औषधांची पिशवी, तपासण्यांचे कागद आणि डिस्चार्ज कार्ड असते. बाळ किती पूर्ण आठवड्यांचे असताना जन्मले, जन्माचे वजन किती, जन्माच्या वेळी डोक्याचा घेर किती आणि घरी सोडताना वजन व घेर किती, एवढी माहिती त्या कार्डावर असायलाच हवी. यांपैकी काही लिहायचे राहिले असेल, तर वॉर्डमधून बाहेर पडण्यापूर्वी ते लिहून मागावे. वजन घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ असते. "आमचं सव्वा किलोचं होतं" असे आजीसुद्धा सांगते. डोक्याचा घेर मात्र बहुतेकांना ठाऊक नसतो. मी बरीच वर्षे अशा बाळांच्या फॉलोअप ओपीडीत मापे घेण्याचे आणि पालकांशी बोलण्याचे काम करते आहे. घरच्यांचे सगळे लक्ष वजनावर असते आणि ज्या मापावरून मेंदूच्या वाढीचा अंदाज येतो ते माप कोणाच्या वहीत नसते, हे मला जवळजवळ रोज दिसते. त्यासाठीच हे सविस्तर लिहीत आहे.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ मुदतपूर्व मानले जाते. त्यातही २८ आठवड्यांच्या आत जन्मलेले, २८ ते ३२ आठवड्यांच्या दरम्यानचे आणि ३२ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यानचे, अशा तीन गटांच्या गरजा वेगवेगळ्या असतात. गर्भाच्या मेंदूची मोठी वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते. ३४व्या आठवड्यात मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या साधारण दोन तृतीयांश एवढेच असते, आणि उरलेली भर पुढच्या जेमतेम सहा आठवड्यांत पडते. हे आठवडे पोटात न जाता काचेच्या पेटीत आणि नंतर घरी गेले, तर त्या काळात बाळाला मिळणारे दूध, प्रथिने, ऊब आणि शांत झोप हीच मेंदूच्या बांधकामाची सामग्री ठरते.

अमेरिकेत १ किलो किंवा त्याहून कमी वजनाच्या बाळांवर झालेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयात असताना ज्यांचे वजन सर्वांत संथ, म्हणजे दर किलोमागे दिवसाला सुमारे १२ ग्रॅमने वाढले, त्या गटातील २१ टक्के मुलांमध्ये दीड-पावणेदोन वर्षांच्या वयात सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर कायमचा परिणाम करणारा विकार, आढळली. सर्वांत वेगाने, म्हणजे सुमारे २१ ग्रॅमने वाढलेल्या गटात हे प्रमाण ६ टक्के होते. मात्र हे आकडे वाचून कोणत्याही आईने स्वतःला दोष देऊ नये. जे बाळ अधिक आजारी असते, ज्याला जंतुसंसर्ग झालेला असतो किंवा दूध पचत नसते, त्याची वाढही मंदावते आणि मेंदूलाही इजा होते. संथ वाढ हे कारण किती आणि आजाराचे लक्षण किती, हे अशा अभ्यासातून पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. वाढ मंदावली तर वाट पाहत न बसता कारण शोधावे, एवढा बोध मात्र त्यातून नक्की घेता येतो.

वय कोणते धरायचे

मापे घेण्याआधी वयाचा हिशोब पक्का करावा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला दोन वये असतात. एक जन्मतारखेपासूनचे आणि दुसरे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासूनचे. दुसऱ्याला सुधारित वय म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी 'करेक्टेड एज' हा शब्द असतो. ते काढण्यासाठी चाळीसमधून गर्भाचे पूर्ण आठवडे वजा करावेत आणि येणारे आठवडे जन्मतारखेनुसारच्या वयातून वजा करावेत. समजा बाळ १० जानेवारीला ३० आठवड्यांचे असताना जन्मले. ते दहा आठवडे लवकर आले, म्हणून त्याची अपेक्षित तारीख २१ मार्च. १० जुलैला ते जन्मतारखेने सहा महिन्यांचे होईल, पण सुधारित वय तीन महिने एकोणीस दिवसच असेल. शेजारचे सहा महिन्यांचे बाळ आधाराने बसू लागले म्हणून या बाळाची तुलना त्याच्याशी करणे अन्यायाचे आहे. या बाळाने त्या दिवशी मान बऱ्यापैकी सावरली तर ते अगदी वेळेवर चालले आहे. सोपा उपाय म्हणजे अपेक्षित तारीख फाइलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावी आणि मोजणी तिथूनच सुरू करावी.

वजन, लांबी, डोक्याचा घेर आणि विकासाचे टप्पे यांसाठी वयाची दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत सुधारित वय वापरावे. लसीकरणाला मात्र हा हिशोब लागू नाही. लसी जन्मतारखेनुसारच द्यायच्या असतात. जन्मतः वजन फारच कमी असल्यास बीसीजी आणि हिपॅटायटिस-बीच्या पहिल्या डोसाबाबत डॉक्टर वेगळा निर्णय घेतात, पण बाकीच्या लसी "बाळ अजून लहान आहे" म्हणून पुढे ढकलू नयेत. ज्याची फुप्फुसे नाजूक आहेत त्याला लसीचे संरक्षण इतरांपेक्षा अधिक हवे असते.

अंगणवाडीत वजनाची नोंद जन्मतारखेवरून होते, त्यामुळे व्यवस्थित वाढणारे अपुऱ्या दिवसांचे बाळसुद्धा तिथे तीव्र कमी वजनाच्या गटात दिसू शकते. अंगणवाडीताईंना डिस्चार्ज कार्ड दाखवून बाळ किती आठवड्यांचे जन्मले ते नोंदवायला सांगावे, आणि अंगणवाडीतला आहार व तपासणी यांचा लाभ मात्र अवश्य घ्यावा.

मापे कशी घ्यावीत

काही महिन्यांपूर्वी एक आजी आणि सून ओपीडीत आल्या. चार दिवसांत बाळाचे नव्वद ग्रॅम वजन घटले म्हणून दोघींनी रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता, आणि वरचे दूध सुरू करण्याचे घरात ठरूनही गेले होते. आधीचे वजन दुसऱ्या एका ठिकाणी, बाळ दुपट्यात गुंडाळलेले असताना घेतले होते. आम्ही बाळाचे झबले, टोपडे, लंगोट आणि दुपटे तसेच वजनकाट्यावर ठेवले. कपडेच १४० ग्रॅम भरले. चार दिवसांत बाळाचे वजन प्रत्यक्षात पन्नासेक ग्रॅमने वाढले होते. एका चुकीच्या मापामुळे चांगले चाललेले आईचे दूध तुटायची वेळ आली होती.

म्हणून वजन नेहमी एकाच काट्यावर, सगळे कपडे काढून, शक्यतो दूध पाजण्यापूर्वी आणि दिवसाच्या ठरावीक वेळी घ्यावे. काटा ५ किंवा १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल असावा, सपाट कठीण जागेवर ठेवलेला असावा आणि बाळाला ठेवण्यापूर्वी तो शून्यावर आणावा. घरी रोज वजन करू नये. एका शी-शूने किंवा एका दुधाने होणारा फरक रोजच्या वाढीइतकाच असतो, त्यामुळे रोजच्या आकड्यातून काळजीशिवाय हाती काही लागत नाही. सुरुवातीला आठवड्यातून एकदा आणि घडी नीट बसल्यावर पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने वजन पुरेसे आहे.

डोक्याचा घेर घेण्यासाठी न ताणणारी टेप लागते. शिवणकामाची जुनी कापडी टेप ताणली जाते आणि चुकीचे माप देते. टोपडे काढावे, आईने बाळाला मांडीवर स्थिर धरावे. टेप समोरून भुवयांच्या किंचित वर आणि मागून डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून, कानांच्या वरून न्यावी. ती केसांवर घट्ट बसली पाहिजे, पण कातडीत रुतता कामा नये. टेप काढून पुन्हा लावत तीनदा माप घ्यावे आणि सर्वांत मोठे आलेले माप मिलिमीटरपर्यंत लिहावे. लांबी एका माणसाने घरी घेता येत नाही. एकाने डोके फळीला टेकवून धरायचे आणि दुसऱ्याने गुडघे सरळ करून तळपाय सरकत्या फळीला लावायचे असतात. ते माप ओपीडीतच घ्यावे, पण घेतले जाते आहे ना, हे पाहावे. घाईत सर्वांत आधी गाळले जाते ते लांबीचेच माप, आणि हाडामांसाची खरी वाढ तीच सांगते. वजन नुसत्या चरबीनेही वाढते.

रेषा कशी वाचावी

एकटा आकडा फारसे काही सांगत नाही. तीन-चार मापे तक्त्यावर मांडून रेषा उमटली की वाढ बोलू लागते. बाळ अपेक्षित तारखेपर्यंत आणि त्यानंतर सुमारे दहा आठवडे फेंटनच्या तक्त्यावर, किंवा सुधारित वय सहा महिने होईपर्यंत इंटरग्रोथ-२१ च्या तक्त्यावर मांडता येते. या दुसऱ्या तक्त्यासाठी जगात आठ ठिकाणच्या गरोदर स्त्रियांची आणि बाळांची मापे घेतली होती आणि त्यांपैकी एक ठिकाण आपले नागपूर होते. त्यामुळे "हे तक्ते परदेशी बाळांचे" ही नेहमीची शंका इथे मनात आणायचे कारण नाही. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यावर, सुधारित वय धरून, पुढे जावे. डॉक्टरांना कोणता तक्ता वापरला ते विचारावे आणि त्याची एक प्रत फाइलमध्ये ठेवावी, कारण दर भेटीला तक्ता बदलला तर रेषेला अर्थ उरत नाही.

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन घटते. मुदतपूर्व बाळात ही घट दहा ते पंधरा टक्क्यांपर्यंत जाऊ शकते आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माचे वजन परत यावे अशी अपेक्षा असते. तिथून वजन दोन किलोच्या आसपास पोचेपर्यंत दर किलोमागे दिवसाला १५ ते २० ग्रॅम वाढ चांगली मानावी. हिशोब असा: सोमवारी १,५०० ग्रॅम आणि पुढच्या सोमवारी १,६७५ ग्रॅम वजन भरले, तर सात दिवसांत १७५, म्हणजे दिवसाला २५ ग्रॅम. या आठवड्याचे सरासरी वजन जवळपास १.५९ किलो, म्हणून २५ भागिले १.५९, म्हणजे दर किलोला दिवसाला साधारण १६ ग्रॅम. ही वाढ समाधानाची आहे. दोन किलोनंतर किलोचा भागाकार सोडून द्यावा आणि दिवसाला २० ते ३० ग्रॅम एवढेच पाहावे. याच काळात लांबी आठवड्याला सुमारे एक सेंटिमीटर आणि डोक्याचा घेर अर्धा ते एक सेंटिमीटर वाढायला हवा.

घेराची रेषा दोन्ही बाजूंनी वाचावी लागते. वजन वर जाते आहे आणि घेर मात्र दोन-तीन भेटींत एकाच जागी थांबला आहे, असे दिसल्यास नुसते दूध वाढवून भागत नाही. प्रथिने पुरेशी मिळतात का आणि मेंदूच्या सोनोग्राफीत काय दिसले होते, हे डॉक्टरांनी पुन्हा पाहायला हवे. उलट, एका आठवड्यात घेर दीड सेंटिमीटरपेक्षा अधिक वाढला, टाळू फुगीर व ताणलेली दिसली, बाळ वारंवार उलट्या करू लागले किंवा त्याची नजर खाली वळलेली राहू लागली, तर ती "छान वाढ" समजू नये. मेंदूत पाणी साठत असण्याची शक्यता असते, आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

आणखी एक भेद पालकांनी समजून घ्यावा. तिसाव्या आठवड्यात जन्मलेले १,३०० ग्रॅमचे बाळ आपल्या दिवसांच्या मानाने व्यवस्थित आहे, पण चौतिसाव्या आठवड्यात जन्मलेले १,३०० ग्रॅमचे बाळ पोटातच खुंटलेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात तिथल्या नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला. आपल्या मातीतला इतका दीर्घ अभ्यास दुर्मीळ आहे. त्यात दिवसही अपुरे आणि दिवसांच्या मानाने वजनही कमी, अशा मुलांचा बुद्ध्यंक सर्व गटांत सर्वांत कमी आढळला, तरीही त्यांची सरासरी सामान्य मर्यादेतच होती. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात: अशा बाळाचा पाठपुरावा अधिक काटेकोर हवा, आणि भविष्य आधीच ठरून गेले आहे असे मुळीच नाही.

दूध आणि त्याबरोबरचे

आईचे दूध हेच पहिले अन्न. ते कमी पडले तर मानवी दूधपेढीतले दूध हा दुसरा पर्याय. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू केली. आता राज्यातल्या इतर रुग्णालयांतही अशा पेढ्या आहेत, म्हणून बाळ दाखल असतानाच चौकशी करावी. दर किलोमागे दिवसाला साधारण १५० ते १८० मिलिलिटर दूध लागते. ओढून पिण्याची ताकद नसलेल्या बाळाला काढलेले दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यावे, बाटली टाळावी. फार लहान बाळांच्या दुधात प्रथिने, कॅल्शियम व फॉस्फरस वाढवणारी पूड मिसळायला डॉक्टर सांगतात. ती सांगितलेल्या मापानेच मिसळावी आणि सांगितले तितकेच दिवस द्यावी. डबा पुरवून वापरायचा म्हणून पावडरचे दूध पातळ करणे किंवा म्हशीच्या दुधात पाणी घालून देणे, यांत पोट भरते, पण मेंदूला लागणारे घटक मिळत नाहीत.

लोहाची डोस साधारण दर किलोमागे दिवसाला २ ते ४ मिलिग्रॅम, आणि ड जीवनसत्त्व दिवसाला किमान ४०० युनिट असते. येथे एक चूक मी सतत पाहते. बाळ दीड किलोचे असताना लिहून दिलेले लोहाचे थेंब ते साडेतीन किलोचे झाले तरी तेवढेच चालू असतात. लोह मेंदूच्या विकासाला थेट लागते आणि या बाळांचा पोटातून आणलेला साठा मुळातच तुटपुंजा असतो. प्रत्येक भेटीत वजन झाल्याबरोबर "डोस बदलायचा का?" हा प्रश्न आपण होऊन विचारावा.

वरचे अन्न सुधारित वयाच्या सहाव्या महिन्यापासून सुरू करावे. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या भारतीय बाळांवरील एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, सुधारित चार महिने आणि सहा महिने अशी तुलना केली होती. लवकर सुरू करून वर्षाच्या वयाला वजनात फरक पडला नाही. उलट रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण लवकर सुरू केलेल्या गटात अधिक होते. सुरुवात केल्यावर मात्र डाळीचे पाणी आणि पेज यांवर महिनोन्महिने राहू नये. घोटलेली घट्ट खिचडी वर तुपासह, नाचणीचे सत्त्व, अंड्याचा बलक, कुस्करलेले केळे, चमच्यावरून ओघळणार नाही इतपत घट्ट, असे द्यावे. बाळगुटी आणि पाणी सहा महिन्यांपूर्वी नको. मध तर वर्षाच्या आत देऊच नये.

याची दुसरी बाजूही आहे. अपेक्षित तारखेपर्यंतची आणि त्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतली वाढ मेंदूसाठी मोलाची आहे. त्यानंतर बाळ तक्त्यावरच्या आपल्या रेषेला लागले की त्याला जबरदस्तीने गुटगुटीत करण्याने बुद्धीला फायदा झाल्याचे दिसत नाही. पुढे लठ्ठपणा आणि रक्तदाब वाढण्याचा धोका मात्र वाढतो. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुण्यातील संशोधनामुळे भारतीय बाळ दिसायला बारीक असूनही त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण जास्त असते, हे सगळ्या जगाला कळले. म्हणून लांबीच्या मानाने वजन किती, हे सहा महिन्यांनंतर आवर्जून पाहावे. "अजून अंगावर मांस नाही" असे पाहुण्यांनी म्हटले म्हणून दुधात साखर आणि बिस्किटे सुरू करण्याची गरज नाही.

डोळे, कान, मेंदू: चुकवू नयेत अशा तारखा

दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासला गेलाच पाहिजे. २८ आठवड्यांच्या आत किंवा १,२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे बाळ असल्यास दोन ते तीन आठवड्यांतच. येथे सुधारित वय धरू नये. पडद्यावरील रक्तवाहिन्यांचा हा आजार बाहेरून दिसत नाही, वेळेत कळला तर लेझरने थांबवता येतो, आणि उशीर झाला तर दृष्टी कायमची जाते. एका तपासणीत भागत नाही. डोळ्यांचे डॉक्टर "आता पूर्ण झाले" असे लिहून देईपर्यंत जात राहावे. एनआयसीयूमध्ये राहिलेल्या बाळाची श्रवण तपासणी केवळ कानात बोळा घालून होणाऱ्या चाचणीवर सोडू नये. मेंदूपर्यंत आवाज पोचतो का हे पाहणारी बेरा तपासणी करावी. तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपाय व्हावा, हे त्यामागचे वेळापत्रक आहे. टाळूतून होणारी मेंदूची सोनोग्राफी अपेक्षित तारखेच्या सुमारास पुन्हा झाली का, तेही कार्डावर पाहावे.

विकासाकडे पाहणे

सुधारित वय तीन महिने असताना घरच्या मोबाइलवर तीन मिनिटांचा व्हिडिओ काढता येतो आणि तो अतिशय उपयोगी पडतो. बाळ जागे, शांत आणि पोट भरलेले असावे. सतरंजीवर साधी एकरंगी चादर अंथरून त्याला पाठीवर ठेवावे. अंगात पातळ झबले, हातपाय मोकळे, जवळ खेळणे नको, चोखणी नको आणि कोणी बोलू नये. मोबाइल वरून असा धरावा की डोक्यापासून पायांपर्यंत सगळे अंग दिसेल. या वयात निरोगी बाळाच्या मान, खांदे, मनगटे, कंबर आणि घोटे यांत सर्व दिशांनी बारीक, सतत चाललेली चुळबुळ दिसते. ती अजिबात नसणे हे सेरेब्रल पाल्सीच्या धोक्याचे फार भरवशाचे चिन्ह आहे. व्हिडिओ पाहून निष्कर्ष काढणे हे प्रशिक्षित तज्ज्ञाचे काम आहे, आईवडिलांचे नाही. आपण फक्त चांगला व्हिडिओ न्यावा. स्नायूंची ताठरता आणि प्रतिसाद तपासणारी हाइन ही ७८ गुणांची तपासणीही याच काळात करतात. दोन्हींचा आणि सोनोग्राफीचा मेळ घातला तर सहा महिन्यांच्या आत धोका ओळखता येतो. "वर्षाचे होऊ दे, मग बघू" हे जुने धोरण आता सोडून द्यायला हवे, कारण उपचाराला मेंदू सर्वाधिक प्रतिसाद देतो ते महिने त्यात निघून जातात.

सुधारित वयाने दोन महिन्यांच्या सुमारास बाळ आपल्याकडे पाहून हसावे, चार महिन्यांत मान धरावी, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसावे, वर्षाच्या आत "बाबा-दादा" असे स्वर काढावेत आणि दीड वर्षापर्यंत चालावे. चार महिन्यांनंतरही मुठी सतत आवळलेल्या, लंगोट बदलताना मांड्या कात्रीसारख्या आवळणे, वर्षाच्या आतच एकच हात वापरणे, किंवा आलेले कौशल्य जाणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. बाळ एकाच हाताने खेळणे घेते हे पाहून "डावखुरा होणार" असे कौतुक होते. त्या वयात ते दुसरा हात कमकुवत असल्याचे लक्षण असू शकते. ३४ ते ३६ आठवड्यांत जन्मलेली, दिसायला ठणठणीत मुले बऱ्याचदा पाठपुराव्यातून निसटतात. त्यांचीही नऊ, अठरा आणि चोवीस महिन्यांना विकास तपासणी करून घ्यावी.

हे सारे खासगीत परवडत नसेल, तर जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्र, ज्याला सर्व जण डीईआयसी म्हणतात, येथे फिजिओथेरपी, वाचा उपचार, श्रवण व विकास तपासणी मोफत होते. ही केंद्रे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची आहेत, आणि तो कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून सुरू झाला. दवाखान्यातील प्रसूतीनंतर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेत उभी राहिली. आशाताईंना बाळ अपुऱ्या दिवसांचे असल्याचे आधीच सांगून ठेवावे.

घरातला दिवस

बाळाला आईच्या, आणि तितक्याच हक्काने वडिलांच्या, उघड्या छातीशी लावून ठेवावे. कांगारू पद्धतीचा उगम १९७८-७९ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा शहरात झाला. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसातून आठ ते चोवीस तास ती वापरायला सांगते. सलग एक तासापेक्षा कमी वेळ ठेवल्यास बाळाची झोप सारखी मोडते, म्हणून आजी, आत्या, मावशी यांनी पाळी लावून आईला विश्रांती द्यावी. खोबरेल तेलाने हलक्या हाताची मालिश चांगली. पण टाळू भरताना दाबू नये, नाका-कानांत तेल घालू नये, आणि न्हाऊ घातल्यावर धुरी तर कटाक्षाने टाळावी, कारण या बाळांची फुप्फुसे धूर सोसू शकत नाहीत. झोपवावे पाठीवरच. जागेपणी मात्र कोणीतरी समोर बसून दिवसातून तीन-चार वेळा काही मिनिटे पोटावर ठेवावे. वॉकर आणू नये.

बाळाशी बोलावे. अंगाई, बडबडगीत, घासाघासाला "हा काऊचा, हा चिऊचा" हे सगळे भाषेचे खाद्य आहे आणि मोबाइलवरची गाणी त्याची जागा घेऊ शकत नाहीत. बाळाने तोंड फिरवले, शिंकले, उचकी दिली किंवा बोटे ताठ फाकवली, तर ते थकले आहे असे समजून थांबावे.

शाळेपर्यंत

दोन वर्षांच्या तपासणीत सगळे ठीक निघाले की फाइल माळ्यावर जाते. ती खाली ठेवावी. पुण्याच्या त्या अभ्यासात बाराव्या वर्षी दिसलेल्या अडचणी डोळा-हात यांचा मेळ, लिखाण आणि गणित यांच्या होत्या. त्या दोन वर्षांच्या बाळात दिसूच शकत नाहीत. म्हणून साडेचार-पाच वर्षांच्या वयात, पहिलीत जाण्यापूर्वी, एकदा विकास आणि दृष्टी यांची तपासणी करून घ्यावी. मूल प्रवेशाच्या कटऑफ तारखेच्या जवळ जन्मलेले असेल आणि अपेक्षित तारखेने ते पुढच्या वर्षीच्या तुकडीत बसत असेल, तर एक वर्ष थांबण्याचा विचार मोकळेपणाने करावा. आणि तिसरी-चौथीत फळ्यावरचे उतरवून घेताना ओळी सुटू लागल्या, हातचा घेताना आकडे सरकू लागले, तर शिक्षकांना भेटताना बाळाचे ते पहिले डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावे. "लक्ष देत नाही" असा शेरा प्रगतिपुस्तकात पडण्याआधी बाळ तिसाव्या आठवड्यात जन्मले होते हे त्यांना ठाऊक असलेले बरे.